रांगेतला पहिला

"ऊना, जागी असशील तर बोल. नसशील तर जागी हो."

वायरलेसवर बर्निस चार्लीचा आवाज होता. ऊना थोर्लाकसननं हातातला कॉफीचा मग दोन गुडघ्यांत घट्ट धरला आणि रिसीव्हर उचलला. तिची छोटी शिडाची नाव 'मॅगपाय' नांगरावर अशी उसळत होती, की मग कुठे ठेवायची सोयच नव्हती.

"बोल. बर्थ मिळाली का मला?"

"स्वप्नं बघ. आल्डनचं होडकं बांधाच्या दगडांवर आपटतंय. रिकामं. आणि आल्डन वायरलेसला उत्तर देत नाहीये."

ऊनानं मगमधली कॉफी सिंकमध्ये ओतली.

"मला घ्यायला ये," ती म्हणाली.

पेलहम कोव्ह मरीना या छोट्या नौकाबंदराच्या, लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाबाहेर चार नावा जागेसाठी ताटकळत होत्या. आत एकही बर्थ, म्हणजे धक्क्याला नाव बांधायची जागा, रिकामी नव्हती. ऑक्टोबर संपत आला, की व्हँकुव्हर बेटाच्या त्या किनाऱ्यावर दरवर्षी हेच व्हायचं. मात्र या वर्षी आग्नेयेचं वादळ आलं, ते हटायचं नावच घेईना. बाहेर खुल्या समुद्रात जाणं म्हणजे जीव देणं. गावाकडे येणारा एकमेव रस्ता दरड कोसळून बंद पडलेला. सीप्लेन उडत नव्हती. चार नावा, त्यांतली माणसं आणि राखाडी पाणी. कुणालाही कुठेही जाता येत नव्हतं.

रांगेत पहिला नंबर आल्डन पर्सेलचा, 'हॅरिएट' नावेचा. निवृत्त पियानो ट्यूनर, सत्तरी ओलांडलेला, एकटा. दुसरा रॉईस डनमोर, नाव 'सेकंड विंड'. तिसरं एमेट आणि नोएल गान्यो हे तरुण जोडपं. त्यांच्या 'पापियाँ'वर सहा महिन्यांची मुलगी होती. चौथी ऊना.

बर्निस मरीनाची व्यवस्थापक. तिचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या याच खाडीवर मासे मारत आलेलं. कामाची बोट तिनं 'मॅगपाय'ला अलगद चिकटवली. ऊनानं उडी मारली.

"पोलिसांना कळवलंस?"

"कळवलं. रस्ता मोकळा होईपर्यंत येता येणार नाही म्हणाले. तटरक्षक दलाची बोट एका मालवाहू जहाजामागे गेलीय. मी म्हटलं, आमच्याकडे विनिपेगची एक निवृत्त डिटेक्टिव्ह नांगर टाकून पडलीय. तर तो साहेब म्हणाला, मग तिला विचारपूस करू दे."

"समुद्रापासून हजारेक मैल लांब नोकरी केली मी, बर्निस."

"माणसं तीच असतात ना गं?"

ऊनानं टोपी कानांवर ओढली.

होडकं बर्निसनं ओढून धक्क्याच्या आतल्या बाजूला आणलं होतं. अर्धं पाण्यानं भरलेलं. ऊना वाकली आणि कशालाही हात न लावता बराच वेळ पाहत राहिली.

मागची छोटी मोटर वर उचलून ठेवलेली होती. दोन्ही वल्ही बसायच्या फळीखाली दोरीनं पक्की बांधलेली. पुढची दोरी तुटलेली नव्हती. तिचं टोक अख्खं, शाबूत होतं. आणि पाण्यात आल्डनचं नारिंगी लाइफ जॅकेट पडलं होतं. तिन्ही बकलं बंद.

"हे त्याचंच?"

"त्याचंच. मागे नाव लिहिलंय बघ. ते घातल्याशिवाय म्हातारा होडक्यात पाय टाकायचा नाही. पोहता यायचं नाही ना त्याला."

"आणि नावेवर पोचल्यावर? जॅकेट होडक्यातच ठेवायचा?"

"छे! पावसात भिजतं म्हणून आत नेऊन टांगायचा. धक्क्यावर आला, की माझ्या ऑफिसात टांगायचा. खालचं बकल कधीच लावायचा नाही, बोटं आखडलेली. मी लावून द्यायला गेले की चिडायचा."

ऊनानं मान हलवली.

"बांधाच्या कुठल्या बाजूला सापडलं?"

"बाहेरच्या."

"म्हणजे धक्क्यावरून सुटलेलं नाही."

"धक्क्यावरून सुटलं असतं, तर या वाऱ्यानं आत, गावाच्या चिखलात जाऊन बसलं असतं. हे बाहेरूनच आलं."

दोघी 'हॅरिएट'वर गेल्या. नाव नांगरावर शांतपणे डुलत होती. केबिनचं दार नुसतं लोटलेलं. आत चूल गार होती, अंथरूण नीट घातलेलं. दाराशेजारची जॅकेटची खुंटी रिकामी. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर पाना, तेलाची चिंधी आणि एक काळाठिक्कर स्पार्क प्लग. त्याचं पांढरं चिनीमातीचं नळकांडं उभं चिरलेलं होतं.

"हा त्या मोटरचा?"

बर्निसनं प्लग उचलून पाहिला. "हो. मेलाय पार. याच्यावर मोटर चालणं शक्य नाही."

"दुसरा असेल त्याच्याकडे?"

दोघींनी खण उघडून पाहिले. पियानोच्या तारा सापडल्या, सूर जुळवायच्या नादकाट्यांची पेटी सापडली, गोड बिस्किटांचे डबे सापडले. प्लग नव्हता.

"काल तू त्याला कधी पाहिलंस?" ऊनानं विचारलं.

"मी नाही पाहिलं. पण काल संध्याकाळी दहा नंबरची बर्थ रिकामी झाली. क्लार्क आडनावाच्या एकानं आपली नाव जमिनीवर ओढून घेतली. म्हटलं, आल्डनला कळवावं. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. वाटलं, झोपला असेल. सकाळी पुन्हा हाका मारल्या. मग होडकं दिसलं."

बर्निसनं बिस्किटांचा डबा जागेवर ठेवला. "दोन आठवडे वाट बघत होता गं. बर्थ मिळाली, आणि माणूसच नाही."

"आता ती बर्थ कुणाची?"

"नियमानं दुसऱ्या नंबरची. रॉईसची. पण सकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, मला नको, बाळ असलेल्यांना द्या. देवमाणूस आहे बघ. एरवी जागेसाठी माणसं एकमेकांच्या नरड्याला लागतात."

"कुणी लागलं होतं का?"

बर्निसनं खण लोटून बंद केला. मग म्हणाली, "एमेट. परवा माझ्या ऑफिसात. आल्डनला म्हणाला, तुम्ही एकटे आहात, आमच्याकडे लेकरू आहे, तुमचा नंबर द्या. आल्डन म्हणाला, माझीही हाडं थकलीत. एमेट टेबलावर मूठ आपटून निघून गेला."

'पापियाँ'ची केबिन दमट होती. दोरीवर लंगोट वाळत घातलेले. वाळत मात्र काहीच नव्हतं. नोएल बाळाला छातीशी धरून बसली होती. एमेट उभा होता, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"हाताला काय झालं?" ऊनानं विचारलं.

"काल दुपारी नांगर सरकला. साखळीत सापडला हात."

"आल्डन पर्सेलला शेवटचं कधी पाहिलंत?"

"परवा. भांडण झालं तेव्हा. बर्निसनं सांगितलं असेलच तुम्हाला."

"काल?"

"काल नाही पाहिलं."

नोएलनं नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर बाळाकडे वळवली. ऊनाला ते दिसलं.

"नोएल, तुम्ही?"

"काल अंधारून आलं तरी त्यांचा दिवा लागला नाही. रोज लागतो. मी एमेटला म्हटलंसुद्धा. दुपारभर सरींनी काही दिसत नव्हतं. नाव शंभर हातांवर, तरी दिसायची नाही."

"कसला आवाज आला? मोटरचा?"

"वाऱ्याचा. दुसरं काय ऐकू येणार?"

"बर्थ मिळाली तुम्हाला," ऊना सहज बोलावं तशी म्हणाली.

एमेटचा चेहरा लाल झाला. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? मी त्या म्हाताऱ्याला बुडवलं? एका धक्क्यासाठी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणताच आहात! सगळं गाव म्हणेल. नको ती बर्थ आम्हाला. राहू इथंच!"

बाळ रडायला लागलं. नोएल दबक्या आवाजात म्हणाली, "एमेट, खाली बस. आणि सांग त्यांना."

"काय सांगू?"

"जे मला सांगितलंस, तेच."

एमेट बसला. हातावरच्या फडक्याची गाठ त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली.

"काल सकाळी त्यांनी वायरलेसवर मला बोलावलं. मोटरचा प्लग गेलाय, तुझ्याकडे जादा आहे का, म्हणाले. माझ्याकडे होता. मी नाही म्हटलं. राग होता मनात. ते म्हणाले, असू दे पोरा, दुसऱ्या कुणाला तरी विचारतो. इतकंच." त्यानं डोळे पुसले. "प्लग अजून त्या डब्यात आहे."

परत बोटीत बसताना बर्निस म्हणाली, "रडणारे खोटं बोलत नाहीत असं थोडंच आहे?"

"नाही. पण खोटं बोलणारा आपली लाज स्वतःहून काढून दाखवत नाही. चल, देवमाणसाकडे."

'सेकंड विंड' गडद निळ्या रंगाची, सुबक नाव होती. रंग नवा, नाव लिहिलेली अक्षरंही नवी. रॉईस डनमोर मागच्या उघड्या बैठकीत पावसात बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, दाढी नीट कापलेली. त्यानं बर्निसची दोरी धरली आणि स्वतःच बांधली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "बातमी ऐकल्यापासून मन लागत नाहीये. आत बोलावलं असतं तुम्हाला, पण केबिनमध्ये फळ्या उखडून ठेवल्यात. सुकाणूच्या दुरुस्तीचं काम चाललंय."

"इथंच ठीक आहे," ऊना म्हणाली. पाऊस तिच्या टोपीवरून मानेत उतरत होता. केबिनची झडप बंद होती, तिच्यावर बाहेरून कडी. झडपेशेजारी दोन लाइफ जॅकेटं टांगलेली होती, दुकानात टांगतात तशी, सगळी बकलं बंद करून.

"आल्डनला ओळखत होतात?"

"हात हलवण्यापुरतं. माझ्या नावेवर कधी आला नाही बिचारा."

"काल पाहिलंत त्याला?"

"पाहिलं म्हणजे, ऐकलं. दुपारी पाऊस धो धो होता. त्याची मोटर पुट-पुट करत इथून गेली, धक्क्याच्या दिशेनं. मला वाटलं, अशा हवेत म्हातारा कुठं निघाला? तेव्हाच अडवायला हवं होतं."

"मोटरच होती? नक्की?"

"तो आवाज मी ओळखतो. दोन आठवडे ऐकतोय."

"बर्थ नाकारलीत म्हणे."

रॉईस थोडासा हसला. "लेकरू आहे त्यांच्याकडे. मला एकट्याला काय?"

"तुमचं सुकाणू तुटलंय. वादळ अजून वाढणार असं सांगतायत."

"नांगर दणकट आहे माझा."

"आणि हवा उघडली की?"

"की निघालो. दक्षिणेला." तो समुद्राकडे पाहत होता. बाहेर लाटांची पांढरी रांग उठत होती आणि फुटत होती. "या खाडीत आता जीव घुसमटतो."

परतीच्या वाटेवर ऊना एक शब्द बोलली नाही. धक्क्याशी आल्यावर बर्निसनं मोटर बंद केली.

"आता तोंड उघडशील का?"

"बर्निस, नवीन नाव बर्थवर आली की तू काय करतेस?"

"स्वागत करते. शिव्या घालते. आत उतरून विजेची जोडणी तपासते, पंप तपासते. मागं एकदा आग लागली होती, तेव्हापासून कुणालाच सोडत नाही."

"हे रॉईसला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच दिवशी सांग..." बर्निस थबकली. तिनं मागे वळून निळ्या नावेकडे पाहिलं. "अगं आई."

"तिकडे बघू नकोस. तो आपल्याकडेच बघतोय."

"आत्ताच जाऊ या! आमच्या क्लॅरेन्सला बोलावते, त्याची कुऱ्हाड..."

"नाही. आल्डन जिवंत असेल, तर आपल्याला येताना पाहून रॉईसला हवा तेवढा वेळ मिळेल. आधी त्याला त्या नावेवरून खाली उतरवायला हवं." ऊनानं तिचा दंड धरला. "आणि हे लक्षात ठेव, माझ्याकडे आता बिल्ला नाही. मी चुकले असेन, तर एका सज्जन माणसाच्या नावेची झडप आपण फोडू. मग तू मला खुशाल हाकलून दे."

"आधी चुकून तर दाखव," बर्निस म्हणाली.

दुपारी वायरलेसवर बर्निसनं सगळ्यांना बोलावलं. बांधाच्या दगडांवर आल्डनचा शोध घ्यायचाय, माणसं कमी आहेत, कोण कुठे जाईल ते ठरवू. कपडे धुण्याच्या खोलीत या. मरीनात गरम खोली तेवढी एकच होती.

रॉईस येईल की नाही, हे ऊनाला माहीत नव्हतं. ती खिडकीशी उभी राहिली. निळ्या नावेवर बराच वेळ हालचाल नव्हती. आल्डनच्या शोधाला न येणं वाईट दिसेल, हा विचार त्यानं करावा एवढीच तिची इच्छा होती. शेवटी त्याचं होडकं सुटलं आणि लाटांवर आपटत धक्क्याकडे यायला लागलं.

खोलीत वाफ दाटली होती. दोन ड्रायर घरघरत होते. आतल्या नावांवरची पाच-सहा माणसं भिंतीला टेकून उभी होती. नोएल बाळाला घेऊन बाकावर बसली होती. रॉईस आत आला, त्यानं टोपी काढली, सगळ्यांना मान झुकवली. बर्निसनं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"एमेट कुठाय?" कुणीतरी विचारलं.

नोएलनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. खोलीत कुजबुज झाली.

"सांगायला नको होतं मला," रॉईस हळू आवाजात म्हणाला, "पण परवाचं भांडण सगळ्यांनी ऐकलंय. आणि आज तो इथं नाही."

नोएलनं मान वर केली. पण ती गप्पच राहिली. ऊनानं तिला तसंच सांगितलं होतं.

"एमेटचं नंतर बघू," ऊना म्हणाली. "आधी होडक्याबद्दल बोलू. सगळे म्हणतात, आल्डन होडक्यातून जाताना पाण्यात पडला. मग ते होडकं चाललं कशावर? वल्ही फळीखाली बांधलेली होती. वल्हवणारा माणूस वल्ही बांधून ठेवत नाही."

"मोटरवर," रॉईस म्हणाला. "मी सांगितलं ना तुम्हाला."

"मोटर वर उचललेली होती. आणि तिचा प्लग चिरलेला, आल्डनच्या टेबलावर पडलाय. जादा प्लग त्याच्याकडे नव्हता. काल सकाळी त्यानं एमेटकडे मागितला, मिळाला नाही. काल दुपारी आल्डनची मोटर वाजणं शक्यच नव्हतं. तरी ती तुम्ही ऐकलीत."

कुणीतरी दोन्ही ड्रायर बंद केले. खोली एकदम शांत झाली.

"पावसात... दुसऱ्या कुणाची असेल," रॉईस म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, तो आवाज मी ओळखतो."

"चूक झाली असेल ऐकण्यात."

"असेल. मग असं धरू, की आल्डन वल्हवत निघाला. कुठे? प्लग मागायला. एमेटनं नाही म्हटलं. माझ्या होडक्याला मोटरच नाही, हे त्याला माहीत होतं. बाहेर उरली एकच नाव. तो पोचला, होडकं बांधलं, वर चढला. आत बोलावल्यावर अंगातलं जॅकेट काढलं. आल्डन जॅकेट होडक्यात कधीच टाकायचा नाही. ते मागाहून दुसऱ्या कुणीतरी टाकलं. तिन्ही बकलं लावून. आखडलेल्या बोटांचा माणूस खालचं बकल लावत नाही. पण ज्याला जॅकेट बकलं लावूनच ठेवायची सवय आहे, त्याचे हात आपोआप लावतात. वल्हीसुद्धा त्याच हातांनी नीट बांधली. तुमची नाव फार टापटीप आहे, रॉईस."

"हा काय मूर्खपणा आहे? बकलांवरून माणूस गुन्हेगार ठरवणार?"

"नाही. बकलांवरून मी फक्त विचार करायला लागले. मला खरं खटकलं ते तुमचं औदार्य."

"काय?"

"दोन आठवडे आपण सगळे त्या बर्थसाठी तडफडतोय. तुमचं सुकाणू मोडलेलं. वादळ वाढतंय. जागा चालून आली, आणि तुम्ही नको म्हणालात. सगळ्यांना गहिवरून आलं. मलाही आलं असतं. पण बर्थवर आलं, की बर्निस केबिनमध्ये उतरते. आम्ही आलो तेव्हा तुम्ही भर पावसात बाहेर बसला होतात आणि झडपेला बाहेरून कडी होती. आत फळ्या उखडलेल्या आहेत म्हणून कुणी कडी लावून पावसात बसत नाही. तुम्हाला आत येता येत नव्हतं, बाहेर समुद्रात जाता येत नव्हतं. तुम्ही वारा पडायची वाट बघत होतात."

रॉईस दाराकडे वळला. बर्निस जागची हलली नाही. तिच्या शेजारी दोन कोळी येऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा."

"एमेट कुठाय, असं मघाशी कुणीतरी विचारलं," ऊना म्हणाली. "तो आणि बर्निसचा नवरा क्लॅरेन्स तुमच्या नावेवर आहेत."

रॉईसचा चेहरा राखेसारखा झाला. ऊनाचे हात खिशात होते. बर्निसच्या कमरेचा वायरलेस मुका होता. नोएल त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाळानं जांभई दिली.

मग खरखर झाली.

"बर्निस..." एमेटचा आवाज धापा टाकत होता. "पुढच्या कप्प्यात आहेत. शिडांच्या खाली. हात बांधलेत, डोक्याला जखम आहे. पण श्वास आहे! ऐकतेयस का? श्वास आहे! क्लॅरेन्स पांघरूण गुंडाळतोय. नर्सला बोलाव!"

नोएल हुंदके देऊन रडायला लागली. एका कोळ्यानं रॉईसचा दंड धरला. त्यानं सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मला वाटलं, मेलाय," तो म्हणाला. "होडकं सोडून दिल्यावर कण्हायला लागला. मग माझ्यानं काही करवेना."

"वारा पडल्यावर करवलं असतं," बर्निस म्हणाली.

आल्डनच्या डोक्यात का घातलं, हे त्या दिवशी रॉईसनं सांगितलं नाही. ते सांगितलं आल्डननंच, वारा उतरून सीप्लेन आल्यावर, दवाखान्यातल्या खाटेवर. ऊना आणि एमेट दोघं त्याला भेटायला गेले होते. एमेट दाराशीच उभा राहिला.

"ये ना पोरा, आत ये," आल्डन म्हणाला. डोक्याला पट्टी, ओठ फुटलेले. "तूच उचललंस ना मला?"

"मी प्लग दिला असता तर..." एमेटला पुढे बोलता येईना.

"तर मला कळलंच नसतं."

"काय कळलं नसतं?" ऊनानं विचारलं.

आल्डननं डोळे मिटून घेतले आणि सावकाश सांगत गेला. धाकटा भाऊ लेनर्ड. त्याची नाव 'कॅलिओप'. दोन वर्षांपूर्वी मेक्सिकोहून वर यायला निघाला. सोबतीला धक्क्यावरून एक माणूस घेतला होता म्हणे. त्या माणसाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. 'कॅलिओप' पोचलीच नाही. शोध झाला. शेवटी सगळे धरून चालले, की समुद्रानं नेली.

"मी दोन आठवडे त्या निळ्या नावेकडे बघत होतो. करायला दुसरं होतं काय? प्रत्येक नाव नांगरावर आपापल्या तऱ्हेनं झुलते. ही डावीकडे जरा जास्त जायची, थांबायची आणि झटक्यात परतायची. मनात यायचं, ही चाल आपण कुठे पाहिलीय? पण रंग वेगळा, नाव वेगळं, पुढचा लाकडी दांडाही कापून टाकलेला. म्हटलं, म्हातारपणाचे खेळ. त्या दिवशी प्लग मागायला गेलो, तर तो चहा देतो म्हणाला. भला वाटला मला. आत बसलो. वर पितळी हातावर दिवा टांगलेला होता. पियानोला असतात ना जुन्या, मेणबत्त्यांचे हात? एका मोडक्या पियानोचा हात काढून मीच लेनर्डला बसवून दिला होता. दिव्यासाठी." त्यानं श्वास घेतला. "त्या रॉईसनं सगळं बदललं. तो हात पियानोचा आहे, हे त्याला कसं कळणार? माझ्या तोंडून निघून गेलं, हे लेनर्डचं आहे. पुढचं आठवत नाही."

खिडकीबाहेर आभाळ उघडत होतं.

"ऊना, तुम्ही पोलिसात होतात. खरं सांगाल?"

"विचारा."

"लेनर्डचं काय झालं असेल?"

"रॉईस आता एवढंच म्हणतो, की नावेचा आधीचा मालक झोपेतच गेला. हृदय बंद पडून. घाबरून त्याला समुद्रात सोडलं, म्हणतो."

"तुमचा विश्वास आहे?"

"नाही," ऊना म्हणाली.

आल्डननं मान हलवली. खोटा दिलासा त्याला नको होता, आणि तो तिनं दिला नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर पोलिसांनी निळी नाव आत आणून दहा नंबरच्या बर्थवर बांधली. गान्यो कुटुंबाला बर्निसनं स्वतःच्या कामाच्या बोटीची जागा दिली आणि वर दम भरला, "लंगोट बाहेर वाळत घातलेत तर बघा." आल्डनला सोडल्यावर एक तरुण अधिकारी त्याला ओळख पटवायला घेऊन आला. एमेटनं त्याला आधार देऊन नावेवर चढवलं.

"मी एकटा जातो आत," आल्डन म्हणाला.

तो उतरला. अधिकारी, ऊना, बर्निस, एमेट धक्क्यावर उभे राहिले. आतून काही ऐकू येईना. अधिकाऱ्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहणार, तेवढ्यात बर्निसनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं हात खाली घेतला.

आल्डन वर आला. डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता.

"ही माझ्या भावाची नाव आहे."

"खात्री आहे ना तुमची?" अधिकाऱ्यानं विचारलं. "कागदोपत्री ही 'सेकंड विंड' आहे."

"ते खोडा," आल्डन म्हणाला. "कॅलिओप. लेनर्ड पर्सेलची कॅलिओप. असं लिहा."

अधिकारी लिहीपर्यंत तो कठडा धरून उभा राहिला. मग त्यानं एमेटकडे हात पुढे केला आणि धक्क्यावर पाय ठेवला.